चंद्राची पिप् पिप्

रेडिओच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या लालबागेत कोणी नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. गिरगावात नानांच्या दुकानात मी रेडिओ दुरुस्त करायचो. सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरात रशियाने आभाळात नकली चंद्र सोडला आणि मी चाळभर सांगून बसलो की रविवारी संध्याकाळी सव्वासहाला तो मुंबईवरून जाणार, त्याची पिप् पिप् सगळ्यांना ऐकवतो. नानांच्या हातापाया पडून दुकानातला चांगला सेटही घरी आणला.

रविवारी साडेपाचलाच आमची खोली भरली, माणसं गॅलरीतून जिन्यावर गेली. शेजारचे बुधाजी सावंत, गिरणीत जॉबर आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे कट्टर कार्यकर्ते, इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसले. माझं मात्र बूड टेकेना. घटकेत घड्याळ बघायचो, घटकेत एरियलची तार कठड्याच्या या टोकाची सोडून त्या टोकाला बांधायचो.

सव्वासहा झाले. सेटमधून भजी तळल्यासारखी चरचर. साडेसहा झाले. चरचरच.

मी समजावून पाहिलं. हवेच्याही वर विजेने भारलेला एक थर असतो, सध्या सूर्य खवळलाय म्हणून तो थर डचमळतोय, त्यातून येणारा संदेश कधी वाकतो, कधी विरतो. तास-दोन तासांत निवळेल. पगाराच्या दिवशी उशिरा आलेल्या नवऱ्याकडे बायको बघते, तसे सगळे माझ्याकडे बघत राहिले.

बुधाजी उठले. "सूर्याला कशाला मध्ये आणतोस, दत्ताराम? हे सरकारचं काम. जे आपली मुंबई आपल्याला देईनात, ते चंद्राचा आवाज देणार होय?"

झालं. चाळ खाली उतरली. नाक्यावर पोचेस्तोवर पन्नासाचे तीनशे झाले. मागच्यांना चंद्राचा पत्ताच नव्हता, ते संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत होते. पुढच्या रांगेत मधोमध मी, आणि गळ्यात कोणीतरी घातलेला हार. मागे वळायला जागा नव्हती.

पोलीस चौकीत जमादारांनी वही उघडली आणि तक्रार कोणाविरुद्ध, ते विचारलं. बुधाजी म्हणाले, सरकारविरुद्ध. मी घाबरून खरं ते सांगून टाकलं: सूर्य, थर, डचमळणं. त्या दिवशी माझं इतकं मन लावून दुसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे आरोपी सूर्य," जमादार म्हणाले. "त्याचं बघू मागाहून. सेटचं लायसन दाखवा."

तेव्हा घरी रेडिओ ठेवायला सरकारी लायसन लागायचं आणि ते पुष्कळांनी काढलेलं नसायचं. आमच्या सेटचं लायसन नानांच्या नावावर, नाना गिरगावात आणि सेट माझ्या खोलीत. शिवाय लायसनचं नाव निघताच मोर्चा पातळ झाला. घरी रेडिओ असलेले आधी सटकले, नसलेले त्यांच्यामागून. शेवटी बुधाजींनाही गिरणीची पाळी आठवली. नाना लायसन घेऊन येईपर्यंत मी दीड तास बाकावर चुळबुळत होतो. आल्यावर नाना जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साडेआठला घरी पोचलो. आई एकटीच तांदूळ निवडत बसली होती. सेट बंद.

"तुमी गेलास," ती म्हणाली, "आणि आठाच्या सुमाराक तो खोको पिप् पिप् करूक लागलो. धा मिन्टां नुसतो किरकिरत होतो. बिघडलो वाटता म्हणान मियां कान पिळून गप केलंय."

मी खाली बसलो. अख्ख्या लालबागेत रशियाचा चंद्र ऐकलेलं माणूस एकच, आणि तिने त्याला दटावून गप्प बसवलं होतं.