तात्या आणि डावरे गुंड

सन एकोणीसशे सत्तावन्न. माझं वय एकवीस. त्या वर्षी आमच्या चिंचवडच्या तालमीतली सगळी पोरं डाव्या हाताचा वार अडवायला शिकत होती, कारण वस्ताद तात्यांचं ठाम मत होतं की शहरातले गुंड झाडून सगळे डावरे असतात. "इतकं पिच्चर बगितलं. एक बी उजव्या हातानं मारत न्हाई."

आता तात्या पिक्चर बघायचे कुठून, ते सांगतो. नदीकाठी तंबूचा सिनेमा यायचा. कापडी पडदा मधोमध, आणि गर्दी झाली की निम्मी माणसं पडद्याच्या मागं. तिकडून सगळं उलटं दिसतं. तात्यांची जागा कायम तिकडेच. आकुर्डीच्या एकानं हे समजावून सांगितलं, तर तात्या म्हणाले, "म्हंजी तुमीच उलट्या बाजूला बसता." तालीम काही बदलली नाही. मला ते पटलं. माणसानं आपल्या मतावर राहावं.

पडद्यावर पुढाऱ्यानं पाठवलेली टोळी मोर्चा मोडायला आली, की तात्यांना हसू फुटायचं. एकेकानं पुढं येऊन मार खायचा आणि बाकीच्यांनी नाचत उभं राहायचं, असली टोळी आपल्या जत्रेत घटकाभर टिकायची नाही, म्हणायचे. पण मोर्चातल्या कुणाला गोळी लागली आणि तो मरता मरता बोलू लागला, की तात्या अख्ख्या तंबूला दरडावायचे, "गप बसा रं. त्येला बोलू द्या." एकदा अशा वेळी एकानं शिट्टी मारली. तात्यांनी त्याला उचलून तंबूबाहेर नेऊन ठेवला. मालकानं तात्यांनाच बंदी केली.

तात्या घाटावर जाऊन बसले. जेवायलाही उठेनात. मी म्हणालो, तात्या, खोटंच असतं ते. गोळी लागलेला माणूस एवढं भाषण करतो होय?

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले. "मुंबैला मोर्च्यात आमचा दत्तू माज्या मांडीवर गेला. धाकटा भाऊ. एक शबूद बोलला न्हाई." मग म्हणाले, "त्येला काय सांगायचं आसंल, गड्या?"

मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो.

तंबूवाल्याची जाहिरातीची पाटी माझ्याच बैलगाडीवरून गावोगाव फिरायची, पुढं ताशा वाजत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल जुंपले, गाडी तंबूच्या दारात आडवी लावली आणि मालकाला सांगितलं, तात्या आत बसणार असतील तरच चाक हलेल.