बागूलकाकांची ग्रामसभा

"आमच्याकडे कागदाची गिरणी बंद पडली आणि सगळी बाजारपेठच उठली," बागूलकाका गिलकी निवडता निवडता सांगत होते.

भाजीवाल्या मावशींचा तराजू थांबला. "सटाण्यात कागदाची गिरणी कवा व्हती, काका?"

नव्हतीच. काका मूळचे सटाण्याचे, पण त्यांचं 'आमच्याकडे' म्हणजे ओहायोतलं एक लहानसं गाव. मुलगा हेमंत तिथे नोकरीला लागला तेव्हापासूनचं. काका स्वतः तिथे कधी गेलेले नाहीत. तरी आधी नदी, मग रेल्वे, मग गिरणी आणि आता हायवेलगतचं एक गोदाम, हा त्या गावाचा इतिहास आमच्या वॉचमनलाही पाठ आहे. काकांचा अख्खा जन्म इथे नाशिकला, अंबडच्या कारखान्यात गेला. त्यांचा निष्कर्ष ठरलेला: "एका गिरणीच्या भरवशावर गाव ठेवू नये." सोसायटीची लिफ्ट बंद पडली तरी हेच ऐकवतात.

महिन्यातून एकदा, पहाटे, ते टॅबलेटवर तिथल्या नगरपालिकेची सभा बघायचे. इस्त्रीचा शर्ट घालून. तेवढा वेळ काकू मिक्सर लावत नसत. पडद्याच्या कोपऱ्यात बाहेरून बघणाऱ्यांचा आकडा दिसे: एक. "तो मी," काकांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून अडलेलं समजावून सांगायला शेजारून मला बोलावणं येई. मला ते सोयीचं होतं. चारचौघांत बोलायचं नाही, नुसतं काकांच्या कानाशी पुटपुटायचं.

हेमंतने ते गाव कधीच सोडलंय, हे काकूंकडून कळलं. काकांनाही माहीत होतं. मग सभा कशाला, असं मी विचारलं.

"नव्या गावाचं तो काही सांगत नाही," ते टॅबलेटवर बोट ठेवत म्हणाले. "फोन केला की बिझी. इथलं निदान मला कळतं."

परवाच्या सभेत शेवटचा विषय निघाला: बघायला कुणी नसतं, तेव्हा सभा ऑनलाइन दाखवणं बंद करावं. मी पुटपुटले नाही. काकांना समजलं होतं. सगळे हात वर गेले. मग अध्यक्षबाईंनी सवयीने विचारलं, कुणाला काही म्हणायचंय?

काकांनी कॉलर नीट केली, माइक सुरू केला आणि त्यांना एकही शब्द सुचेना. आमच्या पंख्याची घरघर तेवढी ओहायोला जात राहिली. अध्यक्षबाई कागद आवरू लागल्या.

वर्गात मी कधी हात वर केला नव्हता. मी टॅबलेट जवळ ओढला.

"मी नाशिकहून बोलतेय," मी इंग्रजीत म्हणाले. "इथे आम्ही दोघं बघत होतो."