कालिंदीबाईंचा एकटीचा अल्बम

कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये कालिंदीबाईंनी पंखा बंद केला, दारावरच्या बेलची वायर काढली, कुकरला सुट्टी दिली आणि शेवटी नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"तुम्ही आतल्या खोलीत. दार लावून. आणि खोकायचं नाही."

"अगं, चार दिवस आतच तर आहे मी!" मधुकरराव कळवळले. "माझा फोनसुद्धा बंद करून ठेवलायस. आणि खोकला काय विचारून येतो?"

"आज शेवटचं गाणं रेकॉर्ड करायचंय. मग हवं तेवढं खोका."

तरुणपणी पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत गिटार घेऊन ब्लूजची दर्दभरी इंग्रजी गाणी गाणाऱ्या या बाईंनी कलकत्त्यातल्या मराठी मंडळींची झोप उडवली होती. पण तिथेही उभं राहायचं ते कुणाच्या तरी ऑर्केस्ट्रात, मागच्या रांगेत. आता सत्तरीत त्यांना स्वतःचा अल्बम करायचा होता. जात्यावरच्या ओव्या, थोडे ब्लूज, एक गळा, एक गिटार, बस्स. मुलगा सारंग मात्र डमडमहून रोज फोनवर डोकं खायचा.

"आई, आवाज फाटतो गं तुझा. तबला घालू, व्हायोलिन घालू, फाटलेलं कंप्युटरवर नीट करू. नाहीतर ऐकणार कोण?"

"माझा गळा आहे तो, उसवलेली उशी नव्हे!" म्हणून त्या फोन आपटायच्या. पण 'ऐकणार कोण' हे त्यांना आत कुठेतरी लागलं होतं.

इकडे बिल्डिंगमध्ये वेगळंच शिजत होतं. रोज सकाळी चहाच्या टपरीवर राजकारण करणारे मधुकरराव दिसेनासे झाले. त्यांचा फोन लागेना, बेल वाजेना. बंद खिडक्यांमागून फक्त बाईंचा रडवा सूर. मराठी कुणालाच कळत नव्हती, पण दुःख कळायला भाषा लागते कुठे? शेजारच्या सान्यालबाईंनी सुतावरून स्वर्ग गाठला आणि मधुकररावांना तिथे पोचतं केलं.

संध्याकाळी सारंग रेकॉर्डिंग न्यायला आला, तर दाराबाहेर रजनीगंधाचे हार घेऊन पाच-सहा शेजारी उभे. सान्यालबाईंनी त्याला मिठीच मारली.

"दादा चला गया, और बौदी हमको बोला भी नहीं!" बौदी म्हणजे वहिनी, कालिंदीबाई.

आतून आईचा आर्त सूर येत होता. आईला रोज फोन करून सारंग तबल्याबद्दल बोलला होता, बाबांची चौकशी एकदाही केली नव्हती. त्याने तिथेच भोकाड पसरलं आणि रडत रडत आपल्या किल्लीने दार उघडलं. वरात आत शिरली. गाणं तुटलं.

"कोण मेलंय?" कालिंदीबाई कडाडल्या.

तेवढ्यात आतून खोकल्याची दणदणीत ढास आली आणि मागोमाग लेंगा सावरत मधुकरराव.

"संपलं का गाणं?"

सान्यालबाई किंचाळल्या. सारंग बाबांच्या गळ्यात पडला.

"संपलं नाही, संपवलंत!" बाईंनी रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करून गिटार मांडीवर घेतली. "बैठिए सब लोग. रोना है तो चुपचाप रोइए."

"आई, आत्ता? लोकांसमोर?"

"मग? मी काय लपून गात होते इतकी वर्षं?"

आणि त्यांनी सुरू केलं:

"एकलीचं जातं माझं, कुणी लावू नये हात,
माझ्या दुखण्याचं पीठ, पडे माझ्याच पदरात."

'पदरात'वर आवाज उभा फाटला. बाई थांबल्या नाहीत. फाटका तर फाटका, तोच सूर पुढे ओढत त्यांनी गाणं शेवटापर्यंत नेलं.

सारंगने डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि सवयीने सगळ्यांना सांगून टाकलं, "बस ये फटा हुआ हिस्सा है ना, ये ठीक कर देंगे."

"खबरदार!" सान्यालबाई ताडकन उठल्या. "उसको ठीक करेगा? वहीं पे तो हम रोया था!"

बाकीच्यांनीही माना हलवल्या. सारंगने हळूच लॅपटॉप मिटला.

"आणि तबला?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"नको," सारंग म्हणाला.

दारी आलेल्या माणसांना कोरडं कसं पाठवायचं? मधुकरराव निमूटपणे उठले आणि स्वतःच्या दुखवट्याला आलेल्या मंडळींसाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.