पुलावरून सरळ या

आधी माफी मागते. आमच्या घरात आजवर कुणी सहीच्या पलीकडे काही लिहिलेलं नाही. आजा मेंढरं राखतो, वडीलही तेच करतात. मी बीडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एवढ्या भांडवलावर मी एका हयात माणसाबद्दल लिहावं आणि तुम्ही ते वाचावं, हे मलाच जरा जास्त वाटतं. शिवाय तो माणूस जिल्हा परिषदेचा सदस्य आहे आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. काही चुकलं तर बोलणी आजाला बसतील. तरी लिहिते, कारण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

हे सोपाननाना सगळ्यांना पुलावरून बोलवायचे.

"चौसाळ्याला उतरा. तिथून आत या, वस्ती लागंल. वस्तीवरून पुलावरून सरळ या. पूल संपला की आमचंच घर."

पत्ता अगदी बरोबर आहे. फक्त पूल नाही. वस्ती पलीकडच्या काठाला, आमचं गाव अलीकडच्या काठाला, आणि मधे नदी. उन्हाळ्यात तिच्यात वाळू असते, दिवाळीला गुडघाभर पाणी असतं आणि श्रावणात ती कुणालाच ओळख देत नाही. दुसरा रस्ता आहे, पण तो चौसाळ्याला परत जाऊन एवढा मोठा वळसा घालून येतो, की पाहुणा दारात पोचेपर्यंत कशासाठी निघालो होतो ते विसरतो.

नानांचा पूल कुठं होणार हे मात्र ठरलेलं होतं. दोन्ही काठांवर त्यांनी एकेक मोठा धोंडा चुन्यानं रंगवला होता. या धोंड्यापासून त्या धोंड्यापर्यंत पूल. उन्हाळ्यात नदी ओलांडताना नाना बरोबर त्याच रेषेत चालायचे, तेही डाव्या बाजूनं. कुणी वाळूत मधोमध चालायला लागलं की म्हणायचे, "कडंनं चाल बे, वाहनं येत्यात." एकदा कुणीतरी त्या रेषेवर म्हैस बांधली, तर नानांनी ती सोडून दहा पावलं लांब बांधली. पुलावर जनावर बांधायचं नसतं म्हणाले.

माझा आजा नानांच्याच वयाचा. त्याच्या जिभेला हाड नाही. मेंढरं नदीकाठी आली की तो हाक मारायचा, "नाना, मेंढरं पुलावरून नेऊ का खालून?"

"वरून ने. पण लवकर ने, रस्ता अडवू नको."

"आन् टोलनाका कुठशीक हाय?"

"तुला माफ हाय," नाना म्हणायचे. हसायचे नाहीत. आमची मेंढरं मात्र खरोखर दोन धोंड्यांच्या मधूनच नदी ओलांडतात. त्यांना तशी सवय लागली.

जिल्हा परिषदेच्या सभेतही हेच. मी तिथं कधी गेलेली नाही, पण जाऊन आलेले सांगतात. विषय शाळेच्या खिचडीचा असला की नाना उठायचे. अध्यक्ष म्हणायचे, "नाना, खिचडीवर बोला." नाना म्हणायचे, "तांदूळ कुठून येतो साहेब? पलीकडून येतो." विषय गुरांच्या लसीचा असला तरी लस पलीकडूनच यायची. शेवटी सभागृहात ठरल्यासारखं झालं होतं, की नाना उठले की चहा सांगायचा.

पण माणूस दमला नाही. जिल्हा परिषदेकडे एवढ्या मोठ्या पुलाला पैसा नव्हता, राज्याकडं म्हणे रांग होती, म्हणून प्रस्ताव केंद्राकडं गेला. तो गेला ते नानांच्या चिवटपणामुळं, हे त्यांच्या विरोधातले लोकही कबूल करतात. पुढं एका उन्हाळ्यात सदस्यांचं शिष्टमंडळ दिल्लीला निघालं, त्यात नाना होते. भाकरी, ठेचा आणि धुवट धोतर घेऊन निघाले. साऱ्या गावानं त्यांना नदीपर्यंत पोचवलं.

दिल्लीत जे झालं ते नानांनी स्वतः सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी. मोठ्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. नानांची हिंदी आमच्या भागातली, जुन्या निजामी वळणाची, ती साहेबांना फार आवडली. निघताना नाना भारावले आणि म्हणाले, "साब, एक बार हमारे गाँव आओ."

"कैसे आना है?" साहेबांनी विचारलं.

"चौसाळा उतरने का. अंदर बस्ती लगती. वहाँ से पुल के ऊपर से सीधा आने का. पुल खतम हुआ, के अपना घर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पुल है?"

"है ना साब," नाना म्हणाले.

बरोबरच्या सदस्यांनी डोक्याला हात लावला. त्यांनी पुष्कळ समजावून सांगितलं, पण सांगणारे पाच आणि पूल आहे म्हणणारा खुद्द त्या गावचा. साहेबांनी मान हलवली. पुढं पावसाळ्यात जिल्हा परिषदेला कळलं, की या ठिकाणी पूल असल्याचं सन्माननीय सदस्यच सांगतात, तरी जागेवर माणूस पाठवून खात्री केल्याशिवाय प्रस्तावाचा विचार होणार नाही.

ही बातमी गावात आली तेव्हा आजा म्हणाला, "बांधायच्या आधी पूल बुडवणारा ह्यो पहिलाच."

सगळे हसले. नाना हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यानंतर मात्र ते कुणाला पत्ता सांगेनात. पाहुण्यानं विचारलं तर म्हणायचे, "वळशानं या." तेवढंच. धोंड्यांना त्या वर्षी चुना लागला नाही. आजानं मेंढरांचा प्रश्न विचारायचं सोडून दिलं. एकदा तो स्वतःच चुना घेऊन गेला आणि आमच्या बाजूचा धोंडा रंगवून आला. कुणी रंगवला म्हणून नानांनी विचारलं नाही, आजानं सांगितलं नाही.

दसरा झाला. आमच्याकडं दसरा झाला की ऊस तोडणाऱ्या टोळ्या निघतात. निम्मं गाव कुलूप लावून जातं. त्या दिवशी सकाळी नदीच्या अलीकडं ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ट्रॉल्यांत बांबू, पत्रे, चुली, कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर पोरं. बाया उतरून पाण्यातून चालणार, म्हणजे ट्रॅक्टर हलका होतो. नाना दरवर्षीसारखे पाण्यात उभे राहून एकेकाला वाट दाखवत होते.

आणि तेवढ्यात पलीकडून एक पांढरी जीप आली. वस्तीवर ती थांबली ती क्षणभरच. तशीच सरळ आली, चुन्याच्या धोंड्याशेजारून खाली उतरली आणि नदीच्या मधोमध बसली.

दिल्लीहून खात्री करायला पाठवलेले दुसरे एक साहेब होते. त्यांच्या ड्रायव्हरनं चौसाळ्याला हॉटेलवाल्याला रस्ता विचारला होता. हॉटेलवाला म्हणाला, पुलावरून सरळ. पुढं मोटारसायकलवाल्याला विचारलं, तो म्हणाला, पुलावरून सरळ. वस्तीवर एका म्हातारीला विचारलं, तिनंही हात करून पूल दाखवला. नानांनी सोडलं होतं, पण एवढी वर्षं ऐकून ऐकून सगळा भाग तोच पत्ता सांगायला लागला होता.

साहेबांनी काच खाली केली. पाणी दाराला लागलं होतं. समोर धोतर वर खोचलेला एक म्हातारा उभा होता.

"पुल कहाँ है?" साहेबांनी विचारलं.

नानांनी इकडचा धोंडा बघितला, तिकडचा बघितला. मग अगदी हळू म्हणाले, "साब, आप उसके ऊपरच हो."

कुणीच हसलं नाही. साहेबांना नानांनी पाठुंगळी घेऊन काठावर आणलं. जीप काढायला ट्रॅक्टर सोडावा लागला, दोर तुटला, दुसरा आणावा लागला. तोवर रांग वाढत गेली. साहेब आमच्या बाजूच्या धोंड्यावर बसून बघत होते. एक बाई तान्हं पोर डोक्यावरच्या पाटीत घेऊन त्यांच्यासमोरून पाण्यात उतरली. एक ट्रॉली कलली, पोरं ओरडली, बापांनी खांदे लावले. माझ्या आजाला वाटलं आपणही काहीतरी दाखवावं, म्हणून त्यानं मेंढरं सोडली. ती दोन धोंड्यांच्या मधून, एका रेषेत, पोहत पलीकडं गेली. साहेबांनी मोबाइल काढून त्यांचा व्हिडिओ घेतला.

या सगळ्या गोंधळात पलीकडच्या काठावरून एकच आवाज येत होता. पूल दाखवणारी ती म्हातारी ओरडत होती, "सोपाना, पाण्यातून भायेर नीघ. छाती भरल तुजी."

नानांना नुसतं सोपाना म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा ऐकलं. ती कौसाआक्का, त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनं त्यांना वाढवलं, मग समोरच्या वस्तीवर तिचं लग्न झालं. तिला गाडी लागते. गाडी म्हणजे कुठलीही, बैलगाडीसुद्धा. त्यामुळं वळशाचा रस्ता तिच्या कामाचा नाही. नदी उतरली की ती चालत येते, दिवाळीला येते, उन्हाळ्यात येते. मला एवढंच माहीत होतं. त्यात विशेष काही आहे असं वाटलं नव्हतं.

साहेब संध्याकाळी वाळलेले बूट घालून गेले. चहा घेतला, पिठलं-भाकरी घेतली, आश्वासन काहीच दिलं नाही. जाताना नानांना म्हणाले, "आपने ठीक बताया था."

मग हिवाळा गेला, उन्हाळा गेला, टोळ्या परत आल्या. दिल्लीहून काही आलं नाही. नाना पुन्हा सभेत उठायला लागले, लोक पुन्हा चहा सांगायला लागले.

यंदा श्रावणात पंचमीला मी गावाकडं गेले होते. पंचमी म्हणजे आमच्याकडं लेकीबाळींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, देवळाजवळच्या लिंबाला झोके बांधतात. नाना मात्र दरवर्षी आपला झोका लांब नदीकाठच्या लिंबाला बांधतात. तिथं कुणीच जात नाही. लोक म्हणतात, नानांचा झोकासुद्धा त्यांच्या पुलासारखाच.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी आजाबरोबर मेंढरांमागं तिकडं गेले. नाना झोक्याला फळी बसवत होते. चांगली रुंद फळी होती, म्हाताऱ्या माणसाला बसता येईल अशी.

मी भीतभीत विचारलं, "नाना, इकडं कावून बांधता? पोरी तिकडं देवळापशी खेळत्यात."

"ह्यो पोरींसाठी न्हाई, माय," ते म्हणाले. दोराला गाठ मारून त्यांनी ती दोनदा ओढून बघितली. "आक्काचं लगीन झाल्यापासून ती एकाबी पंचमीला आली न्हाई. नदी येऊ देत न्हाई. आज तिचा माझ्यासाठी उपास असतो. ती तिकडून झोका बघती. रिकामा दिसला तरी तिला बरं वाटतं, म्हणती."

आजा काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो पागोटं सारखं करत राहिला.

नदी भरून चालली होती. पलीकडं आक्का दिसली. एकटी नव्हती, मागं सगळी वस्ती होती. आमच्या गावात मोबाइलला रेंज नाही, वस्तीवर आहे. आक्का हात हलवत होती, काहीतरी ओरडत होती, पण पाण्याच्या आवाजात एक अक्षर पोचेना. नानांनी कानामागं हात धरला. ऐकू येत नाही असं बघून आक्का पुढं आली, चुन्याच्या धोंड्यापर्यंत, मग धोंडा ओलांडून खाली उतारावर, पाण्याच्या अगदी तोंडाशी.

नाना झोका सोडून धावले. एवढ्या मोठ्यानं ओरडले की मेंढरं बिचकली.

"आक्का, मागं हो. मागं हो, पूल न्हाई हितं. पूल न्हाई, आक्का."

आजानं माझ्याकडं बघितलं. उभ्या आयुष्यात नानांच्या तोंडून हे वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं.

आक्का थांबली. दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि दिवसभराच्या उपाशी पोटातून तिनं जी हाक दिली ती त्या पाण्यावरून सरळ आली.

"व्हतोय, सोपाना. दिल्लीनं मंजूर केला. आपला पूल व्हतोय."