मागच्या फळीवरचा मान

अकोल्याचे पुस्तकविक्रेते आबाजी स्वखर्चानं छापलेलं पुस्तक कधी उघडून पाहत नसत. लेखकाला पाहत. "बसणं जमते का, मास्तर?" एवढंच विचारत. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्याची पुस्तकं, पाट्या, पंचांगं हा त्यांचा खरा माल. आमच्यासारख्यांचं पुस्तक ठेवायचं, तर बाजाराच्या दिवशी लेखकानं दुकानात येऊन बसलंच पाहिजे. "लेकरू आमच्याइथं टाकता अन् पयता? बसा त्याच्यापाशी!"

मी शाळामास्तर. पदरमोड करून खंडकाव्य छापलं आणि दर रविवारी बसू लागलो. शेजारी अमरावतीकडचा सुखदेव माळी. त्याचं पुस्तक संत्र्याच्या कलमांवर. शेतकरी कापूस विकून पंचांग घ्यायला आले, की आबाजी पंचांगासोबत सुखदेवचं पुस्तक सरकवत. "घ्या बुवा, झाडं बोलाले लागतीन!" माझ्या पुस्तकाकडे कुणी चुकून पाहिलं तर? "ते रडाचं हाय. घरी काय कमी हाय का?"

सांगायला लाज वाटते, पण आता सांगतोच. सुखदेवच्या बागेवर कीड पडावी, असं मी मनोमन म्हणत असे. तो मात्र माझ्यासाठी संत्री आणायचा. मी ती सोलून खायचो आणि जळायचो.

पुढे त्याचं पुस्तक दर्शनी मांडलं गेलं. माझं मागच्या फळीवर, पाट्यांच्या आड. एका रविवारी मला राहवेना.

"आबाजी, माझं पुस्तक लपवता का? द्या परत. घेऊन जातो."

आबाजी कोरी पाटीच पुसत राहिले.

"सुखदेवचं खपलं. दिवाईपासून तो आला का? आता गड्याहाती पुस्तकं धाडते. माही बायको गेली तवापासून दुकानात गिऱ्हाईक लय येते, मास्तर. बसाले कोणी येत नाही. तुमचं खपलं, तर तुमी कायले यासान?"

माझा गठ्ठा काढायला मी फळीवर हात घातला होता. तो मागे घेणार, तोच माझ्या पुस्तकांमागे आणखी एक गठ्ठा हाताला लागला. माझ्याहून खोल दडवलेला. बार्शीटाकळीच्या कुणा वकिलाचं नाटक.

"हे कोण?"

"ते बुधवारी, बाजार नसते तवाबी, येऊन बसतेत," आबाजी जरा लाजून म्हणाले.

मी माझा गठ्ठा उचलला आणि वकिलाच्याही मागे नेऊन ठेवला.