कमरेचे सात गोल

मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी खिडकीजवळचं कपाट दाराशी सरकवायला सांगितलं, आणि ते सरकवताना छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची कमर धरली. माणूस काटकोनात अडकला तो अडकलाच.

"अहो, सरळ व्हा की!" बायको म्हणाली.

"मग मी काय हौसेने फरशी बघतोय?"

तेवढ्यात दारात फोरमन हजर. छापखान्याच्या हॉकी संघाचा तो कप्तान. दहा टाळकी जमली होती, अकरावं कमी पडत होतं. बाइंडरला संघात 'खांब' म्हणत. पाच हंगामांत नावावर गोल एक, तोही आपल्याच गोलकीपरला चकवून. "अरे वाक, वाक!" असं ओरडून फोरमनचा घसा बसला होता, पण खांब कधी वाकला नव्हता. आज तो आपणहून वाकलेला पाहून फोरमनला गहिवरूनच आलं. त्याने खांबाला तसंच उचलून नेलं.

त्या दिवशी खांबाने तीन गोल केले. करतो काय बिचारा? नजर जमिनीवर, काठी जमिनीवर. चेंडू सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं. पुढच्या सामन्यात चार.

छापखान्यातलं वारं फिरलं. खांबाचा 'बाइंडरसाहेब' झाला. गळका कप जाऊन कान शाबूत असलेला कप आला, खिडकीजवळचं टेबल मिळालं. मालकांसमोर तो वाकून उभा राहिला तेव्हा मालक विरघळले. "सात गोल करूनही बघा केवढा नम्रपणा! नाहीतर आमचा फोरमन."

घरी मात्र बायको हटून बसली. "आज डॉक्टरकडे चलायचंच."

"अंतिम सामना होऊ दे."

"आणि जन्मभर असेच राहिलात म्हणजे?"

"राहीन. पाच वर्षं सरळ चाललो, तेव्हा कुत्रं तरी विचारत होतं का?"

अंतिम सामन्याला सासूबाई जातीने मैदानावर आल्या. जावयाचं कौतुक त्यांच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं. तेवढं सगळं त्या दिवशी एकदम हातात उतरलं. "शाब्बास, जावईबापू!" म्हणत त्यांनी पाठीवर थाप दिली. हात गाद्या झोडून तयार झालेला. कट्ट! जावईबापू सरळ.

"गेलं!" तो पुटपुटला.

"काय गेलं?"

"सगळंच."

मैदानात खांब पुन्हा खांबासारखा उभा राहिला. पण समोरच्या संघाला याची काय खबर? त्यांनी त्याच्यावर तिघांचा पहारा बसवला. तो सरकला की तिघे सरकत. तो नाक पुसायला थांबला, तर तिघेही थांबले. इकडे मोकळ्या मैदानात फोरमनने दोन गोल हाणले. चषक आला. "स्वतः न मारता दुसऱ्याला मारू दिले, केवढं मन!" म्हणत लोकांनी बाइंडरला खांद्यावर नाचवलं.

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात मोकळ्या पाठीने, मान वर करून आला. तीन आठवड्यांनी त्याला छत दिसत होतं, बघत राहिला.

"चषक मिळाला आणि बघा," मालक हळूच म्हणाले, "मान कशी वर गेली."

दुपारपर्यंत खिडकीजवळच्या टेबलाशी फोरमन बसला होता. जरासा वाकून.

संध्याकाळी घरी आल्यावर बाइंडरने बूटसुद्धा काढले नाहीत. सरळ दाराजवळच्या कपाटाला हात घातला.

"सासूबाई," तो म्हणाला, "हे आपलं परत खिडकीपाशीच बरं दिसेल, नाही?"