रंगूनाना आणि तीस नंबरचं आईल

त्या माणसानं इंजिन ऑइलमध्ये बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट सरळ जिभेला लावलं.

मी खुर्चीवरून ताडकन उठलो. सांगलीत माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. ऑइल सांडणारी, त्यात पाय घसरून पडणारी, त्यानं मिशीला पीळ भरणारी माणसंसुद्धा मी पाहिली होती. चाखणारा हा पहिलाच.

"अहो काका, पोटात जाईल ते!"

"गिळतोय कुठं? नुसतं इचारून बघतोय त्येला." बाहेर जाऊन ते थुंकून आले. "चाळीस नंबर न्हवं का ह्ये? जड हाय. आमच्याकडच्या गारठ्यात झोपून ऱ्हाईल."

डबा चाळीस नंबरचाच होता.

हे रंगूनाना. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वय साठीच्या आसपास. धोतर, फेटा आणि वर उन्हाळ्यातही न उतरणारा खाकी कोट. गाव रहिमतपूरजवळ. साताऱ्यातल्या दोन दुकानदारांनी हात जोडल्यावर ते पॅसेंजर गाडीनं सांगलीपर्यंत आले होते. ही पंच्याहत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट.

"ट्रॅक्टरला पाहिजे का?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर न्हवं, बशीरभाई. पळायची गाडी. दोन माणसांची. बिलायती."

मी हसू दाबलं, तोवर त्यांनी कोटाच्या खिशातून फडक्यात बांधलेलं गाडीचं इंग्रजी पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. चित्रातली गाडी पाहून माझं हसू घशातच अडकलं. शर्यतीत पळणारी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार! पुस्तकात तीस नंबरचं ऑइल सांगितलेलं होतं. मी तसं म्हटल्यावर नानांनी मान हलवली.

"पुस्तक बिलायतचं हाय. ऊन हितलं हाय. इंजान बी आता माझ्यासारखं झिजलंय. आईलालाच इचारलं पायजे."

मग त्यांनी आईलाला विचारलं ते असं. भिंतीवरचा माझा आरसा उतरवला, डब्यावर तिरका ठेवला, वरच्या कडेला तीन ऑइलांचे तीन थेंब सोडले आणि कुठला आधी खाली येतो ते बघत उकिडवे बसले. नंतर शेजारच्या चहावाल्याच्या स्टोव्हवर वाटीत ऑइल तापवून पुन्हा तेच. मग सरबताच्या गाडीवरून बर्फ आणून पुन्हा तेच. चहावाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. दोन तासांनी निकाल लागला. थंडीत तीस नंबर, होळीपासून पाऊस लागेपर्यंत चाळीस.

"आईल चुकलं की सगळंच चुकलं, गड्या," असं म्हणून ते डबा छातीशी धरून स्टेशनाकडं गेले.

पुढं दर दोन-तीन महिन्यांनी नाना यायचे. दर वेळी आरसा उतरायचा. बायकोनं मला दुसरा आरसा घेऊन दिला. एकदा नाना म्हणाले, "या की गाडी बघाया."

मी गेलो. रहिमतपूरच्या स्टेशनाबाहेर उभा होतो, तोच धुरळ्याचा लोट उठला आणि त्यातून हिरवीगार गाडी सुसाट आली. माझ्यापासून हातभरावर थांबली. नाना डाव्या बाजूला बसले होते, मांडीवर ऑइलचा डबा. आणि स्टिअरिंगवर नऊवारी नेसलेली, पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई!

"ही आमची हौसा," नाना म्हणाले.

गाडीत जागा दोघांचीच. नाना उतरले, मला बसवलं आणि स्वतः कुणाच्या तरी बैलगाडीतून मागून निघाले. हौसाकाकींनी गाडी अशी सोडली की मी दाराला मिठी मारली.

"भ्या वाटतंय व्हय, भाऊ?" त्या हसल्या. त्यांचे वडील एका संस्थानच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. काकी चाकांच्या राशीत खेळत वाढल्या, तिथंच गाडी शिकल्या. संस्थान गेलं, मोटारखाना मोडला, तेव्हा राजेसाहेबांनी ही गाडी मिस्त्रींना देऊन टाकली. मिस्त्रींनी ती लेकीला दिली. "गावानं लय तोंडं वाकडी केली," काकी म्हणाल्या, "पर ह्यांनी एका शबुदानं आडवलं न्हाई."

अर्ध्या तासानं नाना बैलगाडीतून उतरले. त्यांनी माझी विचारपूस केली नाही. पहिला प्रश्न काकींना. "कसा हाय आवाज? खडखड?"

"लोण्यावानी चालतीया."

नानांचा चेहरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा झाला.

त्यानंतर वर्षभरानं एकदा ते दुकानात आले. मी सवयीनं आरसा उतरवला, डबा उघडला. नानांनी डब्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी घाबरलो.

"हौसाची नजर चाललीय," ते म्हणाले. "काचबिंदू म्हनत्यात. गेली ती माघारी येत न्हाई. परवा गाडी बांधाला घासली. तवापासनं किल्ली खुंटीला हाय. ती बोलत न्हाई, पर रोज जाऊन गाडी पुसती." मग म्हणाले, "बशीरभाई, मला गाडी शिकवा."

"म्हणजे? तुम्हाला येत नाही?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "फौजंत हुतो तवा डोंगरात आमचा ट्रक दरीत गेला. मी मागं बसलेलो, फेकला गेलो म्हनून वाचलो. तवापासनं स्टेरिंग धरलं की ह्ये कापत्यात. येवढी वर्सं तिनंच फिरवलं मला. मी काय करनार तिच्या गाडीचं? म्हटलं, निदान आईल तरी चुकू द्यायचं न्हाई. तेवढंच येत हुतं बगा मला."

या माणसाच्या मी इतके दिवस घरी नकला करून दाखवत होतो.

दर सोमवारी दुकान बंद असे. माझ्या जुन्या व्हॅनमधून मी त्यांना सांगलीबाहेरच्या माळावर नेऊ लागलो. पहिल्या सोमवारी ते नुसते स्टिअरिंग धरून बसले, घामानं कोट भिजला. दुसऱ्या सोमवारी व्हॅन बाभळीत घातली. पुढं 'लेफ्ट, राइट' असं मोठ्यानं ओरडत चालवू लागले. राइट म्हणायचे आणि डावीकडं वळायचे. मी माझ्या आयुष्यात इतक्या वेळा अल्लाचं नाव घेतलं नव्हतं. घरी मात्र ते "आईल बघाया जातो" असंच सांगत.

दोन महिन्यांनी त्यांनी मला सोबतीला आपल्या गावी नेलं. सकाळी त्यांनी काकींना हाक मारली. "हौसा, चल, बस गाडीत."

काकी चाचपडत सवयीनं उजव्या दाराशी गेल्या.

"तिकडनं न्हाई. हिकडनं."

त्या जागीच थबकल्या. मग बॉनेटवरून हात फिरवत डाव्या बाजूला आल्या आणि बसल्या. गाडी सुरू झाली, दोन हिसके बसले, बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. नानांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं.

"क्लच सावकाश सोडा," काकी समोर बघत म्हणाल्या. "आता."

गाडी निघाली. ज्वारीच्या शेतामधल्या वाटेनं मी शेजारून चालत होतो आणि मला भराभर पाय उचलावेसुद्धा लागत नव्हते. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आम्हाला मागं टाकून गेली. काकी डोळे मिटून इंजिन ऐकत होत्या. "दुसरा गेर टाका... आता. बास. लय चांगलं."

ओढ्याजवळ नानांनी कपाळाचा घाम पुसला. "झालं. हितनं वळवतो माघारी."

"एवढ्यात?" काकी म्हणाल्या. "चला की फुडं."

"किती फुडं?"

"मी काय बघतीया व्हय? तुमी न्याल तितकं."

मी थांबलो. गाडी ओढ्याच्या पाण्यात हळूच उतरली, पलीकडं चढली आणि ज्वारीआड गेली. बराच वेळ मला नानांचं 'लेफ्ट, राइट' ऐकू येत होतं, आणि मधूनच हौसाकाकींचं हसणं.